खोपीचा जमाखर्च

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले. विषय होता 'चला, निसर्गाकडे परत!' उद्गारचिन्हासकट. मी सात मिनिटे बोललो. विजेच्या दिव्यांनी माणसाचे चांदणे कसे हिरावून घेतले, मोबाईलने त्याचा एकांत कसा लुटला, आणि रानातल्या एका साध्या झोपडीत राहणारा माणूस बंगल्यातल्या माणसापेक्षा कसा सुखी असतो, हे मी हातवारे करून सांगितले. शेवटी अमेरिकेतल्या हेन्री डेव्हिड थोरोचा दाखला दिला आणि टाळ्या घेतल्या. बक्षीस म्हणून एक पुस्तक आणि २५१ रुपये मिळाले. पुस्तक माझ्याकडे आहे. पैशांचे काय झाले ते शेवटी सांगेन.

ते भाषण मी आज या पानावरून मागे घेत आहे. सगळे नाही, पण बरेचसे. परीक्षक म्हणून बसलेल्या सरांनी राग मानू नये.

झाले असे की, यंदा माघाच्या शेवटी माझ्या आज्जाच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आज्जा चौऱ्याहत्तर वर्षांचा. खानापूर तालुक्यात पश्चिमेकडे, रानाच्या कडेला त्याची अडीच एकर काजूची बाग आहे. गावापासून बाग तीन किलोमीटर, मध्ये एक ओढा. दरवर्षी फाल्गुन लागला की आज्जा अंथरूण-पांघरूण घेऊन बागेतल्या खोपीत राहायला जातो तो वैशाखात परत येतो. यंदा घरच्यांनी नको म्हटले. आज्जाने ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी घोंगडे खांद्यावर टाकले. मामाला दुधाच्या गाडीवर जावे लागते, रात्री राखणीला तो राहू शकत नाही. मग आईने माझ्याकडे पाहिले. कॉलेजला सुट्टी नव्हती. हजेरी बुडवून मी फाल्गुन शुद्ध सप्तमीला गेलो आणि होळीपर्यंत, नऊ दिवस, खोपीत राहिलो. दिवसातून चार वेळा डोळ्यांत औषधाचे थेंब घालणे आणि रात्री आज्जाचे डोळे होणे, अशी दोन कामे माझ्याकडे होती.

खोप म्हणजे काय हे शहरातल्या मित्रांना सांगायला हवे. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून शेणमातीचा लेप, गवताने शाकारलेले छप्पर, पुढे चार हात अंगण. आत एक बाज, एक चूल, दोन मडकी, एका दोरीवर कपडे, आणि कोपऱ्यात वाळलेल्या काजूबियांची पोती. दाराला फळी नाही, झाप आहे. वीज नाही, ती यायचा प्रश्नही नाही. सर्वांत जवळचा खांब गावात. कंदील आहे, पण त्यात घालायला रॉकेल मिळत नाही. पूर्वी एका योजनेत सूर्यप्रकाशावर चालणारा दिवा मिळाला होता. त्याची काच अजून छपरावर आहे, बॅटरी मात्र दोन वर्षांपूर्वी मेली. उरते ती टॉर्च, आणि शेकोटी. मोबाईलला रेंज येते ती टेकडीवरच्या एका खडकावर उभे राहिले तर, तीही वारा मनात असेल तेव्हा. तिसऱ्या दिवशी माझा मोबाईल बंद पडला आणि मी तो पोत्यात टाकून दिला.

आता खरे सांगायचे तर, पहिले चार दिवस माझे भाषण अक्षरशः खरे ठरत होते. पहाटे गारठा असे, आणि काजूच्या पानांवरून दव टपटप पडे. उजाडता उजाडता तांबट पक्षी टुक टुक सुरू करी, तो दुपारपर्यंत थांबत नसे. ओढ्याच्या पलीकडे पळस फुलला होता. एका सावरीला पान नव्हते, नुसती लाल फुले, आणि त्यांच्यावर पाखरांचा बाजार. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. बागेत पिकलेल्या बोंडांचा तो आंबूस-गोड वास, जो एकदा नाकात बसला की आंघोळीनेही जात नाही. सकाळी आम्ही झाडाखाली पडलेली बोंडे गोळा करायचो आणि बी पिळून वेगळी काढायचो. बीच्या सालीत जो चीक असतो तो बोटांना लागला की कातडी काळी पडते आणि सोलते. माझी तीन बोटे अजून तशी आहेत. दुपारी वानरांसाठी पत्र्याचा डबा बडवायचा. संध्याकाळी कुळथाची पिठी आणि मामाने दिवसाआड आणलेल्या भाकऱ्या. आणि मग चांदणे. सप्तमीचे अर्धे, मग रोज थोडे थोडे भरत जाणारे. काजूच्या पानांवर ते असे पडायचे की झाडे ओली वाटत. रातवा पक्षी ओढ्याकडून एका सुरात ओरडत राही. आज्जा जुन्या गोष्टी सांगे, आणि मध्येच झोपी जाई.

इतका वेळ एका ठिकाणी मन लागल्याचे मला आठवत नाही. पुस्तक उघडून बसलो की दोन दोन तास वाचन होई. हे सुख खोटे नव्हते, आणि ते खोटे होते असे म्हणण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही.

अडचण धुराची होती.

रात्री बागेत डुकरे येतात, साळींदरे येतात. बोंडांच्या वासाने कधी अस्वलही येते, कधी गवा कुंपण मोडून आत शिरतो. अंधारात पोते घेऊन येणारी माणसेही असतात. आज्जाच्या मते जनावर परवडले. या सगळ्यांवर एकच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो म्हणजे खोपीपुढे रात्रभर पेटती शेकोटी. ज्वाळा फार लागत नाहीत, धूर लागतो. ओले लाकूड आणि शेणी घालून तो मुद्दाम करावा लागतो. आणि डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर, थेंबांच्या नावांच्या खाली, पहिलीच सूचना होती: दीड महिना धूर आणि धूळ टाळणे.

मी पहिल्या रात्रीच तो कागद वाचून दाखवला. आज्जाने ऐकले आणि शेकोटीत आणखी एक शेणी सरकवली.

सहाव्या दिवशी सकाळी डोळा लाल झाला होता आणि पाणी गळत होते. आम्ही हळूहळू गावात आलो. ओढा ओलांडताना मी हात धरला, एरवी तो धरू देत नाही. सकाळची बस गेली होती. मामाच्या गाडीवरून खानापूर गाठले. तिथल्या डॉक्टरांना मराठी बेताची येत होती, आज्जाला कन्नड बाजारापुरती, म्हणजे 'एष्टु' आणि 'बेड' एवढी. दुभाषी मी. डॉक्टरांनी डोळ्यावर बत्ती धरली आणि मला विचारले, "होगे इत्ता?"

मी म्हटले, "आज्जा, धूर होता काय म्हणून विचारतायत."

आज्जा म्हणाला, "धूर नसता तर मी नसतो म्हणून सांग त्यास्नी."

मी डॉक्टरांना सांगितले, "स्वल्प इत्तु." थोडासा होता.

दोन भाषा येण्याचा असा उपयोग मी पूर्वी केला नव्हता. डॉक्टर रागावले. त्यांचे काही चुकले नाही. त्यांनी आणखी एक औषध दिले, काळा चष्मा घालायला सांगितला आणि पंधरा दिवस घराबाहेर पडायचे नाही असे बजावले. बाहेर आल्यावर आज्जाने चष्मा घातला, मामाला बघून घेतले, आणि आम्ही संध्याकाळी परत खोपीत होतो.

त्या रात्री मी माझी अक्कल चालवली. शेकोटी खोपीपासून वीस-पंचवीस पावले दूर, वाऱ्याच्या पुढल्या बाजूला नेली. मध्यरात्री डोंगरावरून वारा उतरला आणि त्याची दिशा बदलली, हे मला झोपेत कळले नाही. धूर उलटीकडे गेला आणि ओढ्याच्या अंगाने डुकरे आत आली. सकाळी पाहतो तर वीस-पंचवीस झाडांखालची बोंडे तुडवून, चघळून टाकलेली. बी निवडून काढले तरी साधारण आठ किलोचे नुकसान होते. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने किलोला ११२ रुपये दिले होते, त्या हिशेबाने ८९६ रुपये. म्हणजे एक रात्र डोळ्याला धूर लागू द्यायचा नसेल तर त्याला ८९६ रुपये पडतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, हा आकडा वहीत मांडल्यावाचून मला राहवेना.

आणि वही उघडली म्हणून थोरो आठवला. मराठी माध्यमात शिकल्यामुळे मी त्याचे 'वॉल्डन' मूळ इंग्रजीत आधी वाचले नव्हते. दुर्गा भागवतांनी केलेले 'वॉल्डनकाठी विचारविहार' वाचले, आणि भाषणापुरते त्यातून चांदणे, तळे, एकांत एवढेच उचलले. खोपीत मी मूळ पुस्तक बरोबर नेले होते. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांना आश्चर्य वाटेल, पण त्याचे पहिले आणि सर्वांत मोठे प्रकरण म्हणजे चक्क जमाखर्च आहे. भाषणाच्या वेळी ती पाने मी उलटून टाकली होती. वाणिज्यच्या मुलाने नेमकी तीच टाळावीत!

थोरो रानात गेला तोही वसंताच्या तोंडावर. १८४५ च्या मार्चअखेर उसनी कुऱ्हाड घेऊन तो वॉल्डन तळ्याकाठी पाइनची झाडे तोडू लागला, तेव्हा तळ्यावरचे बर्फ अजून पुरते वितळले नव्हते. ४ जुलै १८४५ ला तो राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला परत आला. झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट. खर्च २८ डॉलर १२½ सेंट. फळ्या किती, खिळे किती, चुना किती, सगळे मांडलेले. शेत अडीच एकर, बहुतेक घेवड्याचे. (आज्जाची बागही अडीच एकरच निघावी हा योगायोग.) उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर ७२½ सेंट, शिल्लक ८ डॉलर ७१½ सेंट. अर्धा सेंटसुद्धा सोडला नाही. आमच्या लेखाशास्त्राच्या सरांना हा माणूस आवडेल.

पण परीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्या हिशेबात काही नोंदी नाहीत, आणि थोरो प्रामाणिक असल्यामुळे त्या नाहीत हे तो स्वतःच सांगतो. झोपडीच्या खर्चात मजुरी धरलेली नाही, कारण काम त्याने स्वतः केले. लाकूड, दगड, वाळू धरलेले नाहीत. जमीन इमर्सनची, तिला भाडे नाही. कपडे धुण्या-शिवण्याचे काम बहुतेक बाहेर होत असे आणि त्याची बिले अजून आलेली नाहीत, असे तो मिस्किलपणे लिहितो. आम्ही याला अदत्त खर्च म्हणतो. ते कपडे कोण धूत होते, हे त्या पानावर नाही.

याहून मोठी नोंद फळ्यांची आहे. फिचबर्ग रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी थोरोने ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली आणि मोडून तिच्या फळ्या वापरल्या. अट अशी की कॉलिन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजेपर्यंत जागा सोडायची. सहा वाजता ते कुटुंब थोरोला वाटेत भेटले. एका मोठ्या गाठोड्यात सगळा संसार होता, बिछाना, कॉफी दळण्याचे यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी मागे राहिली. ती रानात पळाली आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेली. मांजरीचे काय झाले हे पुस्तकात आहे. कॉलिन्सच्या घरच्यांचे काय झाले ते नाही.

मी सहाव्या रात्रीनंतर हे पान तीनदा वाचले. वॉल्डनकाठी दोन झोपड्या होत्या. एकीत दारिद्र्य होते, दुसरीत तत्त्वज्ञान, फळ्या त्याच. थोरोला कॉनकॉर्ड गाव जेमतेम दीड मैलावर होते, आमच्या खोपीहून जवळच. तो गावात जाई, मित्रांकडे जेवे, आणि सव्वादोन वर्षांनी परत गेला. यात त्याने कुणाला फसवले नाही. माझे अनुकरण करा असे मी सांगत नाही, हेही त्याने स्पष्ट लिहिले आहे. ते वाक्य वगळून भाषणे करणारे आमच्यासारखे लोक फसवतात.

सातव्या दिवशी दुपारी मी आज्जाचा गेल्या हंगामाचा हिशेब मांडायला बसलो. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. सहा क्विंटल बी, ११२ रुपये भावाने ६७,२०० रुपये. गवत कापणे आणि आळी साफ करणे ६,०००. मोहोरावर ढेकण्या किडीसाठी फवारणी ४,५००. भराच्या दिवसांत बायकांची मजुरी ५,०००. पोती आणि गाडीभाडे २,२००. टॉर्चचे सेल, दोरी, किरकोळ ६००. एकूण खर्च १८,३००, शिल्लक ४८,९००. आज्जा खूश झाला. इतके मिळाले हे त्यालाही एकत्रितपणे माहीत नव्हते.

मग मी शिकल्याप्रमाणे पुढची ओळ लिहिली. राखण पंचाहत्तर दिवस. गावात मजुरी दिवसाला साडेतीनशे. दिवस आणि रात्र दोन्ही धरून ५२,५०० रुपये. वजाबाकी केली आणि आज्जाला सांगितले, "आज्जा, तुला ३,६०० रुपये तोटा झाला."

"त्यो कसा काय?"

मी समजावले. की बघ, तू इथे बसलास नसतास तर तेवढ्या दिवसांत दुसरीकडे काम करून मजुरी मिळवली असतीस. ती बुडाली. पुस्तकात याला संधी-परिव्यय म्हणतात.

आज्जाने काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिले. "मला ह्या वयात कामाला बोलवणार कोण, त्याचं नाव लिव तिथं."

माझी लेखणी थांबली. पुस्तकाप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबर आहे. ज्याला दुसरी संधीच नाही त्याचा संधी-परिव्यय शून्य. ५२,५०० खोडून शून्य लिहिले तर ४८,९०० चा नफा परत येतो, आणि पंचाहत्तर रात्रींचे जागरण, थंडी, लाल झालेला डोळा हे सगळे वहीतून नाहीसे होते. मला दोन्ही उत्तरे चूक वाटत होती. मी ती ओळ तशीच ठेवली आणि रकमेच्या जागी प्रश्नचिन्ह काढले. परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत.

कॉलेजात परत आल्यावर एका मैत्रिणीने म्हटले, "काय नशीबवान आहेस! नऊ दिवस मोबाईल नाही, लाईट नाही!" तिने मला एक जाहिरात दाखवली. गोव्याच्या वाटेवर रानात लाकडी खोल्या बांधल्या आहेत. वीज नाही, रेंज नाही, रात्री शेकोटी. एका रात्रीचे साडेचार हजार. म्हणजे जे नाही त्याचे पैसे. मी नऊ रात्रींचा गुणाकार केला, ४०,५००. आज्जाच्या साऱ्या हंगामाच्या शिल्लकेच्या आसपास. मैत्रिणीचा हेतू वाईट नव्हता. मी स्वतः वर्षापूर्वी तेच बोलून २५१ रुपये घेतले होते. तिथली शेकोटी दुसरा कुणी पेटवतो आणि धुराचा त्रास झाला तर सकाळी निघून जाता येते, एवढाच फरक मी तिला सांगितला. ती म्हणाली, "तू आता सगळ्यातच हिशेब बघतोस." असेल.

हा प्रश्न माझ्या आज्जापुरता असता तर मी घरच्या वहीत ठेवला असता. पण आमच्या तालुक्यात तो मोठा आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. त्याच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली गावे आहेत, तिथून कुणी आजारी पडले की डोलीत घालून आणावे लागते, हे आपण सगळ्यांनी बातम्यांतून वाचले आहे. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर पडण्यासाठी भरपाईचा पहिला हप्ता देण्यात आला. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये यावर वाद होतात, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि दोन्ही भाषांत ते सारखेच असतात. एक पक्ष म्हणतो, त्यांना तसेच राहू द्या, ती माणसे सुखी आहेत, रस्ता आणि वीज नेऊन रानही बिघडेल आणि माणसेही. दुसरा म्हणतो, बाहेर काढा बिचाऱ्यांना, एकविसाव्या शतकात असे कोण राहते? मी दोन्ही बाजूंनी बोललेलो आहे, ऐकणारे कोण आहेत त्याप्रमाणे.

आता मला पहिल्या पक्षाचा जास्त राग येतो, कारण तो माझा होता. कुणाच्या अंधाराला आपण चांदणे म्हणायचे आणि त्याने ते आपल्यासाठी जपून ठेवावे अशी अपेक्षा करायची, यात काहीतरी लाजिरवाणे आहे. रानात जनावरांना वाट मोकळी हवी, तिथे झगझगीत रस्ते नकोत, हे मलाही पटते. पण त्याची किंमत कुणाच्या खात्यात पडते ते सांगा, आणि मग बोला.

दुसऱ्या पक्षालाही आज्जा पटत नाही. मी त्याला आठव्या रात्री सरळ विचारले होते, बाग कुणाला तरी खंडाने देऊन घरी का बसत नाहीस? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "घरात मी दिवसभर कुणाच्या तरी वाटेत असतोय." ते खरे आहे. मामाचे घर लहान, मामी कामात, टीव्ही चालू. खोपीत आज्जा मालक असतो. तीस वर्षांपूर्वी लावलेले एकेक झाड तो अंधारात हाताने ओळखतो. 'बिचारे' हा शब्द त्याला कुणी लावला तर पत्र्याचा डबा वानरांऐवजी त्याच्यापुढे वाजेल.

खोपीत राहायचे की नाही हे आज्जाने ठरवले आहे. धुरात राहायचे हे मात्र त्याने ठरवलेले नाही. ते बॅटरी मेली म्हणून ठरले. या दोन गोष्टी मी भाषणात एकच समजून बोललो होतो, आणि माझ्या माहितीप्रमाणे कँटीनमधले दोन्ही पक्ष अजून तसेच बोलतात.

नवव्या रात्री होळी होती. गावातून ढोल ऐकू येत होता. मामा पोळ्या घेऊन आला, तिघांनी खोपीपुढे बसून खाल्ल्या. आज्जा धुराकडे पाठ करून बसला होता, तेवढे त्याने डॉक्टरांचे ऐकले. सकाळी मी निघालो.

त्यानंतर मी खानापुरात त्या सौर दिव्याच्या बॅटरीची चौकशी केली. काच चांगली आहे, बॅटरीचे १,८०० रुपये पडतील, असे दुकानदार म्हणाला. बक्षिसाचे २५१ मी घातले, बाकीचे मामाने. पाडव्याला गेलो तेव्हा दिवा लागलेला होता, पण खोपीत नव्हता. आज्जाने तो ओढ्याच्या अंगाला, डुकरांच्या वाटेवर, एका वाशाला टांगला होता. खोपीत अंधारच.

मी विचारले, "आत का नाही लावलास?"

"आत काय बघायचं हाय?" तो म्हणाला, आणि डोळ्यांत थेंब घालून घ्यायला मान मागे केली. शेकोटी पेटलेली होती. पूर्वीपेक्षा लहान, पण होती.